महायुद्धातल्या .४५ पिस्तुलाची रिप्रॉडक्शन घ्यायची आहे, कोणती घेऊ आणि सुरुवात कशी करू?

टंकलेखकाचा_मुलगा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी डॅलसजवळ राहतो, अमेरिकेत येऊन बारा वर्षं झाली, मागच्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. शेजारी एक आजोबा आहेत, व्हिएतनामला जाऊन आलेले. गेल्या महिन्यात ते मला रेंजवर घेऊन गेले आणि त्यांच्या वडिलांचं पिस्तूल दाखवलं, एम१९११ए१, दुसऱ्या महायुद्धातलं. त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात सरकारने जुनी पिस्तुलं विकायला काढली तेव्हा सतरा डॉलरला घेतलं होतं म्हणे.

हातात घेतलं आणि स्लाइडवरची, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागावरची, बारीक अक्षरं वाचली, रेमिंग्टन रँड, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क. मी थांबलोच. माझे वडील साताऱ्याला कोर्टात टायपिस्ट होते, सगळी नोकरी रेमिंग्टन मशीनवर गेली, सुट्टीत मी त्यांच्या टेबलाशेजारी बसून ते नाव इतक्या वेळा वाचलंय की ती अक्षरं डोळे मिटून काढून दाखवीन. आजोबांनी मला सात गोळ्या झाडू दिल्या. त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही नाही.

आता प्रश्न. ही टाइपरायटरवालीच रेमिंग्टन का? ओरिजिनल पीस बघितले तर किमती दोन हजार डॉलर आणि पुढेच, ते जमणार नाही, म्हणून नवीन बनवलेली कॉपी घ्यावी म्हणतोय, पण त्यातली अस्सलसारखी कोणती? आणि मी आयुष्यात कधी बंदूक बाळगलेली नाही, घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, बायकोला हे अजिबात पसंत नाही असं नाही पण काळजी आहेच. कॉपी घेऊन पुढे पश्चात्ताप होईल का, की थांबून पैसे साठवून ओरिजिनलच घ्यावं? जे काही माहीत असेल ते मोकळेपणाने सांगा.

सॅन_अँटोनिओकर

भाऊ, तुझ्या वडिलांचीच रेमिंग्टन. म्हणजे मूळ रेमिंग्टन कंपनी बंदुका आणि टाइपरायटर दोन्ही बनवायची, १८८६ मध्ये टाइपरायटरचा धंदा वेगळा विकला गेला, तोच पुढे १९२७ मध्ये रेमिंग्टन रँड झाला. बंदुकांची रेमिंग्टन वेगळी राहिली. म्हणजे महायुद्धात पिस्तुलं बनवली ती टाइपरायटरवाल्यांनी, ज्यांनी आधी पिस्तूल कधी बनवलं नव्हतं, आणि तरी सगळ्यात जास्त त्यांनीच बनवली, नऊ लाखांच्या आसपास. युनियन स्विच अँड सिग्नल म्हणून रेल्वेचे सिग्नल बनवणारी कंपनी होती, तिने पंचावन्न हजार केली. आणि सिंगर, हो तीच, आपल्या आज्यांच्या शिलाई मशीनवाली, तिने फक्त पाचशे बनवली, त्यातलं एखादं आज सापडलं तर घराच्या डाउन पेमेंटएवढी किंमत येते. बारीक लोखंडी भाग एकसारखे लाखोंनी कापायचे हे काम टाइपरायटरवाल्यांना येतच होतं, म्हणून त्यांना ऑर्डर मिळाली.

आता तुझा खरा प्रश्न. मी पंधरा वर्षं १९११ झाडतोय, माझ्याकडे एक ओरिजिनल आहे आणि दोन रिप्रॉडक्शन, आणि ओरिजिनल मी वर्षातून एकदा एक मॅगझिन झाडतो, बस. का ते सांगतो. त्या काळच्या स्लाइडचं स्टील आजच्याइतकं सगळीकडे कडक केलेलं नसायचं, पुढचा भाग तेवढा कडक करायचे. ऐंशी वर्षांचं झालंय ते. उद्या स्लाइडला तडा गेला तर नुसती किंमत जात नाही, त्या नंबराचं, त्या शिक्क्यांचं एक पिस्तूल जगातून कमी होतं. रिप्रॉडक्शनला मी वर्षाला हजार गोळ्या घालतो आणि रात्री झोप शांत लागते. तुला पिस्तूल कपाटात बघायचं असेल तर थांब आणि पैसे साठव. झाडायचं असेल तर कॉपी घे, ती दुय्यम वस्तू नाही, मापं हे पिस्तूल मुळात रचणाऱ्या ब्राउनिंगचीच आहेत, मॅगझिनसुद्धा एकमेकांची बसतात.

कोणती? माझं मत सांगतो, दुसऱ्यांचं वेगळं असेल. फिलिपाइन्सची रॉक आयलंड बरीच वर्षं लोक घेतायत, फ्रेम ओतीव आहे पण दणकट, साधारण साडेचारशेच्या आसपास मिळते. यात एक गोष्ट मला फार आवडते, अमेरिकन सैन्याला .४५ ची गरज पटली ती मुळात फिलिपाइन्समध्ये तिथल्या मोरो लोकांशी लढताना, .३८ च्या रिव्हॉल्व्हरने काम होईना म्हणून, आणि आज तीच पिस्तुलं मनिलाजवळच्या मारिकिनात बनतात. तुर्कस्तानची टीसास आहे, तिचं यूएस आर्मी नावाचं मॉडेल बघ, घडीव फ्रेम, राखाडी फॉस्फेट फिनिश, खाली दोरी बांधायची कडी, नेम धरायची बारीक साइट, सगळं महायुद्धासारखं, आणि किंमत रॉक आयलंडच्या आगेमागेच. स्प्रिंगफील्डची मिल-स्पेक चांगली आहे पण साइटवर तीन पांढरे ठिपके आणि पुंगळी बाहेर पडायची खिडकी मोठी केलेली, म्हणजे चेहरा जुना आणि डोळे नवे. आणि ही स्प्रिंगफील्ड म्हणजे सरकारी कारखाना नव्हे हां, तो मॅसॅच्युसेट्समधला १९६८ मध्ये बंद झाला, ही इलिनॉयमधली खाजगी कंपनी आहे, नाव तेवढं घेतलंय. तुला आजोबांच्यासारखं दिसायला हवं असेल तर मी तुर्की सांगीन.

सीएमपी म्हणून एक संस्था आहे, ती सैन्याची जुनी १९११ लॉटरी काढून विकते, पण तिथे नागरिकत्वाचा पुरावा लागतो, ग्रीन कार्डवर नाही. सिटिझन झालास की अर्ज टाक.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागी, हाताने गोळी टाकून वरून स्लाइड आपटायची नाही. या पिस्तुलात गोळी मॅगझिनमधून वर येताना खालून सरकून एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी मागे ओढणाऱ्या भागाच्या, नखात बसते, तशी रचना आहे. आधीच गोळी बसलेली असेल तर त्या नखाला तिच्यावरून उडी मारावी लागते आणि हळूहळू त्याचा ताण जातो. मग पुंगळ्या अडकायला लागतात आणि लोक म्हणतात पिस्तूल खराब.

एडिसनचा_पाहुणा

कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, कारण हा धागा वाचणाऱ्यांत एच-१बी वाले भरपूर असणार. तुम्ही ग्रीन कार्डवर आहात म्हणून ठीक. एच-१बी, एफ-१, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर जे आलेत त्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला बंदी आहे, काही अपवाद आहेत, मुख्य म्हणजे एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. आणि बाळगणं म्हणजे फक्त विकत घेणं नाही, रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेऊन झाडणंसुद्धा त्यात येतं. मुलं वीकेंडला ग्रुपने जातात, फोटो टाकतात, कोणाला पत्ताच नसतो. ग्रीन कार्डची फाइल चालू असताना असलं काही अंगाला लावून घेऊ नका, कळकळीने सांगतोय.

टेक्सासमध्ये तुमचं सोपं आहे, दुकानात बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा सरकारी फॉर्म भरायचा, सध्याच्या पत्त्याचं आयडी आणि ग्रीन कार्ड न्यायचं, ते बॅकग्राउंड चेक करतात, वय २१ पूर्ण हवं. आमच्या न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड, बोटांचे ठसे, ओळखीच्या दोघांची नावं, आणि मग प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळं परमिट. मी १९११ घेतली तेव्हा या सगळ्यात कित्येक आठवडे गेले. पण मी कटकट केली नाही, त्या वेळात मी रेंजच्या सेफ्टी क्लासला जाऊन आलो आणि तो वेळ कामी आला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रेंजला जी बॅग नेता ती बॅग भारतात जाताना न्यायची नाही. कधीच नाही. बॅगेच्या कप्प्यात एक .४५ ची गोळी राहून गेली आणि मुंबईच्या एअरपोर्टवर एक्स-रेत दिसली तर आर्म्स अॅक्टखाली केस होते, तुम्ही कितीही सांगा की चुकून राहिली. आईवडिलांना भेटायला गेलेला माणूस पोलीस स्टेशन आणि हायकोर्टात फिरत बसतो. रिकामी पुंगळी सुद्धा आठवण म्हणून नेऊ नका. माझ्याकडे रेंजसाठी एक लाल बॅग आहे, ती गॅरेजमधून घरात येतच नाही.

टंकलेखकाचा_मुलगा

बापरे, बॅगेचं मला सुचलंच नसतं, मनापासून धन्यवाद. मी डिसेंबरात साताऱ्याला जातोय, आणि त्या दिवशी रेंजला ऑफिसचीच बॅग नेली होती, आत्ता उठून सगळे कप्पे उलटे करून बघितले.

सॅन_अँटोनिओकर, तुम्ही म्हणता मापं तीच, पण मला मनात कुठेतरी वाटतं की त्यावर रेमिंग्टनचं नाव नसणार. आणि सिरीज ७० आणि ८० चं काय प्रकरण आहे, दुकानदार फोनवर काहीतरी सांगत होता. तिसरं म्हणजे त्या दिवशी सात गोळ्यांपैकी चार कागदावर लागल्या आणि त्या पण सगळ्या खाली डावीकडे. साइट बिघडलेली असू शकते का?

कोल्हापुरी_दहामीटर

दादा, साइट बिघडलेली नाही. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जातात तेव्हा दहापैकी नऊ वेळा तो आवाजाची वाट बघत असतो. गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली दाबलं जातं आणि पूर्ण पंजा आवळला जातो. मी कोल्हापुरात एअर पिस्तूल शिकले, नंतर .२२ वर २५ मीटर, आता नोकरीमुळे फक्त रविवारी. आमच्याकडे राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सोनं आणलं, त्यानंतर रेंजवर मुलींची रांग लागली होती, मी त्या रांगेतली.

.४५ मी झाडलेली नाही, इथे तो बोअर सामान्य माणसाला मिळतच नाही, तो प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापांत, येतो. पण ट्रिगर सगळीकडे ट्रिगरच. आमच्या एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅम, २५ मीटरचा एक किलो. तुमच्या त्या सैन्याच्या पिस्तुलाचा अडीच किलोच्या आसपास असणार. म्हणजे बोट चुकीचं बसलं तर हात हलणारच. बोटाच्या पहिल्या पेराचा मधला गादीचा भाग ट्रिगरवर ठेवा, सांध्याची घडी नको. दाब सरळ मागे आणि हळूहळू वाढवत न्या, आता सुटेल असं स्वतःला सांगायचं नाही. डोळा पुढच्या साइटवर, ती कातरल्यासारखी स्पष्ट दिसली पाहिजे, टार्गेट धूसर झालं तरी चालतं. बहुतेक नवीन लोक उलटं करतात.

घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलावर सराव करा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासलेलं, आणि नेम जिकडे आहे तिकडे भक्कम भिंत. हॅमर पडल्यावर पुढची साइट जागची हलली नाही म्हणजे बरोबर. आणि रेंजवर गेलात की त्या शेजारच्या आजोबांना सांगा, मॅगझिन तुम्ही भरा आणि मध्येच एखादी डमी गोळी घाला, मला सांगू नका. डमीवर हॅमर पडेल, आवाज होणार नाही आणि पिस्तुलाचं तोंड खाली झुकलेलं तुमचं तुम्हालाच दिसेल. यापेक्षा चांगला शिक्षक मी बघितला नाही.

सॅन_अँटोनिओकर

ताईंनी जे लिहिलंय ते प्रिंट काढून ठेव.

सिरीजचं थोडक्यात. ऐंशीच्या दशकात कोल्टने आत एक जास्तीचा अडथळा घातला, ट्रिगर पूर्ण दाबल्याशिवाय फायरिंग पिन पुढे जाऊच शकत नाही, ती सिरीज ८०. तो अडथळा नसलेल्याला लोक सिरीज ७० म्हणतात, महायुद्धातली रचना तशीच. तुला जुनं हवंय म्हणजे ७०. आत भाग कमी, ट्रिगर साफ.

आणि साइट बारीक आहेत याची मनाची तयारी ठेव. पुढची साइट म्हणजे स्लाइडवर आलेला तांदळाचा दाणा समज. काळ्या टार्गेटवर काळी साइट दिसत नाही, पांढऱ्या कागदावर मोठा गोल काढून झाड, सुरुवात सात यार्डावरून. पंचवीस यार्डाचं नंतर बघू. त्या काळी सैनिकांना एका हाताने झाडायला शिकवायचे, तू दोन हातांनीच धर. हात उंच धर पण अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस हॅमरखाली जाऊ देऊ नको, मागे येणारी स्लाइड आणि हॅमर तिथे चावतात. १९११ चं ए१ झालं विशीच्या दशकात, तेव्हा याच कारणाने मुठीच्या मागे असलेल्या ग्रिप सेफ्टीची शेपटी लांब केली, ट्रिगर आखूड केला, ट्रिगरच्या मागे फ्रेमला दोन्ही बाजूंना खळगे दिले. बारीक हाताच्या माणसाला ए१ जास्त बसतं, आपल्या लोकांचे हात बघता मला तर तेच आवडतं.

नावाचं म्हणशील तर मला समजतं. पण नावाची किंमत दीड हजार डॉलर जास्त आहे आणि नाव झाडता येत नाही.

ह्यूस्टनची_सून

मी पिस्तुलातली तज्ज्ञ नाही, माझे मिस्टर आहेत, पण घरात नऊ वर्षांचा मुलगा हे वाचलं म्हणून लॉगिन केलं. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागली आणि तुम्ही ती नीट बंद केलेली नव्हती, तर गुन्हा तुमच्यावर. पण कायदा बाजूला ठेवा. पिस्तूल घ्यायच्या आधी सेफ घ्या. आधी. बजेट साडेचारशेचं असेल तर ते सहाशेचं करा. आमच्याकडे सेफ भिंतीला बोल्ट केलेली आहे, गोळ्या वेगळ्या पेटीत, वेगळी किल्ली, आणि पिस्तुलात नेहमी केबल लॉक. कपाटाच्या वरच्या फळीवर साड्यांच्या मागे ठेवलं म्हणजे मुलांना कळत नाही असं आपल्याला वाटतं, मुलांना दिवाळीचा फराळ कुठे ठेवलाय ते कळतं, तर हे कळणार नाही का.

मुलाला लपवून ठेवू नका, सांगा. कुठेही बंदूक दिसली, आपल्या घरात नाहीतर मित्राच्या, हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मित्राच्या घरी हे जास्त महत्त्वाचं आहे.

दुसरं म्हणजे शिसं. इनडोअर रेंजवर हवेत आणि हातावर शिसं येतं, लहान मुलांना ते फार वाईट. रेंजवर खायचं प्यायचं नाही, निघताना गार पाण्याने साबण लावून हात तोंड धुवायचं, घरी आल्यावर कपडे वेगळे धुवायचे, बूट बाहेर. आणि मगच मुलाला जवळ घ्यायचं. वहिनींना विचारायचं असेल तर मला मेसेज करायला सांगा.

ऑस्टिनचा_वऱ्हाडी

माझं मत थोडं वेगळं आहे राग मानू नका, पहिलंच पिस्तूल १९११ नको, आधी .२२ नाहीतर ९ एमएम घ्या. .४५ च्या पन्नास गोळ्यांच्या डब्याला पंचवीस डॉलरच्या आसपास जातात, ९ एमएमला त्याच्या निम्मे. म्हणजे तेवढ्याच पैशात दुप्पट सराव. मी उलटं केलं, पहिली १९११ घेतली, कंपनीचं नाव घेत नाही, आणि पहिल्या दोन डब्यांतच दर सात गोळ्यांत एक अडकायची, मला वाटलं मीच काहीतरी चुकतोय आणि दोन महिने हातच लावला नाही. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या बाबाने मॅगझिन हातात घेऊन बघितलं, वरचे ओठ वाकडे होते. चांगलं मॅगझिन तीस डॉलरचं आणलं, तेव्हापासून एक गोळी अडकली नाही.

तेव्हा घ्यायचंच असेल तर दोन चांगली मॅगझिन लगेच घ्या, आणि गोळ्या २३० ग्रेन वजनाच्या, गोल टोकाच्याच, पूर्ण तांब्याचं आवरण असलेल्या. हे पिस्तूल त्याच गोळीसाठी बनलंय. पोकळ टोकाच्या गोळ्या मॅगझिनमधून चेंबरकडे जाताना जुन्या धाटणीच्या उतारावर अडखळू शकतात. आणि नवीन असताना स्लाइडच्या रुळांवर तेलाला कंजुषी करू नका, कोरडं ठेवलं की कुरकुरतं.

सॅन_अँटोनिओकर

वऱ्हाडी दादांचं पैशाचं गणित बरोबर आहे, पण या माणसाला ९ एमएम नकोच आहे. ज्याला जे हवंय त्यावरच तो मन लावून सराव करतो. आणि .४५ ला लोक उगाच घाबरतात, गोळी जड आहे पण हळू आहे, सेकंदाला अडीचशे मीटर, आवाजापेक्षा कमी वेग. पिस्तूल अकराशे ग्रॅमचं सगळं लोखंड. झटका बसत नाही, कोणीतरी तळहाताने मागे ढकलल्यासारखं वाटतं. इनडोअरला कानात बोळे आणि वरून कान झाकणारे मफ दोन्ही लाव, निम्मी भीती आवाजाचीच असते.

टंकलेखकाचा_मुलगा

तीन आठवड्यांनी परत येतोय, सगळ्यांचं वाचून तसंच केलं म्हणून सांगायला.

सेफ आधी आली, भिंतीला बोल्ट केली, बायकोने स्वतः कोड घातला. मुलाशी दोघांनी बसून बोललो. मग तुर्की ए१ घेतलं, दुकानात कागदपत्रं आणि चेक मिळून पाऊण तास गेला. दोन जादा मॅगझिन. घरी आल्यावर आजोबांनी माझ्याकडून ते पाच वेळा खोलून परत जोडून घेतलं, पहिल्याच वेळी पुढची टोपी अंगठ्यातून निसटली आणि स्प्रिंगसकट टेबलाच्या पलीकडे गेली, चष्मा घाल म्हणून त्यांनी आधीच बजावलं होतं ते बरं झालं. त्यांचं रेमिंग्टन शेजारी खोलून ठेवलं होतं आणि भाग ओळीने मांडल्यावर माझे कुठले आणि त्यांचे कुठले ते रंगावरूनच कळत होतं.

दहा दिवस नुसता रिकाम्या पिस्तुलावर सराव केला. मग रेंज. ताई, तुमची डमी गोळी पहिल्याच मॅगझिनला तिसऱ्या नंबरवर आली आणि पिस्तूल चांगलं दोन इंच खाली गेलं, बघून मी हबकलो. आजोबांनी तसंच चालू ठेवलं, एक डबा संपेपर्यंत. शेवटच्या एकवीस गोळ्या सात यार्डावर एका ताटलीत बसल्या, बहुतेक मधोमध, चारच खाली. एकही अडकली नाही.

वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, आजोबांचं पण आणि माझं पण. ते आधी काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले स्लाइडवरचं नाव जवळ घे. घेतलं. त्यांनी चष्मा काढून फोन डोळ्याला लावून वाचलं. मग माझा झाडतानाचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि विचारलं की हे कॅरेज आपोआप परत येतं का, हाताने ओढावं लागत नाही? म्हटलं नाही बाबा, पहिल्या वेळी ओढायचं, मग तेच येतं. म्हणाले रिबन कोण बदलतं. मी सांगितलं दर तीन-चार हजार गोळ्यांनी स्प्रिंग बदलायची असते, ती मी बदलणार. तेल कुठलं घालतोस ते पण विचारलं, आणि जास्त घालू नकोस, धूळ धरते म्हणाले.

आता वऱ्हाडी दादांना आणि सॅन अँटोनिओकरांना एकच विचारायचं आहे, १६ पौंडाची रिकॉइल स्प्रिंग आत्ताच एक जादा आणून ठेवू का, की तोपर्यंत वेळ आहे?

सॅन_अँटोनिओकर

आणून ठेव, दहा डॉलरच्या आत मिळते. बदललेल्या तारखेची चिठ्ठी सेफच्या दारावर आतून चिकटव.